सोंगाड्याचा रुबाब

कल्याणहून माळशेज घाट चढून आलेली एसटी मढला थांबते आणि पुढे ओतूर, आळेफाट्याकडे निघते. जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातून मुंबईला गेलेली माणसं गिरणीत लागली, गोदीत लागली, बाजारात पाट्या उचलू लागली, डबे पोचवू लागली. आणि जत्रेला गावी येताना थोडी मुंबई अंगावर घालून आली. राजेश खन्नाचा गुरू कुर्ता, अमिताभची बेलबॉटम आणि कानावर आलेले केस, मिथुनसारखी पांढरी पँट, सगळं या घाटानंच वर चढलं. ज्यानं ते पहिल्यांदा घातलं तो पोरगा त्या जत्रेत उठून दिसायचा. पोरी चोरून बघायच्या, बरोबरीची पोरं जळायची, म्हाताऱ्या नाक मुरडायच्या. पुढच्या वर्षी तेच कापड दहा जणांच्या अंगावर दिसलं की पहिल्याचं अप्रूप संपलं.

याच गावांत आणखी एक माणूस असतो. अंगावर मळकी विजार, पायात झिजलेल्या चपला, पण तो पारावर आला की बाकीचे सरकून जागा करतात. कुणी टोमणा मारला तर याचं उत्तर तयार असतं, आणि ते असं की टोमणा मारणाराही हसतो. तलाठ्यापुढे, सावकारापुढे, सोयरिकीच्या बैठकीत हा माणूस अडखळत नाही आणि आवाजही चढवत नाही. तो गेल्यानंतर वर्षानुवर्षं त्याची बोलणी सांगितली जातात. आजची पोरं ज्याला ‘भारी’ म्हणतात ते भारीपण मला कापडापेक्षा या माणसात जास्त दिसतं. आणि या माणसाला घराणं आहे. ते फार जुनं आहे, आणि त्याचा मोठा भाग याच डोंगराळ मुलखात घडला आहे.

मढच्या पश्चिमेला, सह्याद्रीच्या कड्यावर नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवरून जुन्नरकडे येणारा माल या वाटेनं चढायचा. घाटमाथ्यावरच्या लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणेत किती गायी, किती घोडे, किती हत्ती दिले याची मोजदाद त्यात आहे. त्याच लेण्यात राजपुरुषांच्या आणि राणीच्या प्रतिमाही कोरलेल्या होत्या. त्या गेल्या, भिंतीवर नावं राहिली. त्या घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर मात्र एक ग्रंथ टिकला, ‘गाथासप्तशती’. महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथांचा हा संग्रह शेतकऱ्यांनी, त्यांच्या बायकांनी, गावच्या पाटलाच्या पोरांनी आणि वाटसरूंनी भरलेला आहे.

त्यातली पाणपोईची गाथा मला फार मोलाची वाटते. वाटसरू ओंजळ पुढे करून पाणी पितोय. पाणी घालणारी पोर देखणी आहे, म्हणून तो बोटं जरा विरळ करतो, पाणी गळू देतो. पिणं लांबलं की तिच्याकडे बघणंही लांबतं. पोरीला ते कळतं. ती काय करते? भांडं थोडं वर उचलून आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करते. दोघं एक शब्द बोलत नाहीत, तरी सवाल झालेला असतो आणि जवाबही. पोरीकडे दागिना नाही, घराण्याचं नाव नाही, तिचं कामही दिवसभर उन्हात बसून परक्यांना पाणी घालण्याचं. तरी त्या दोन ओळींत वरचढ तीच ठरते, कारण समोरच्याची चाल तिनं ओळखली, ती मोडली नाही, आणि त्याच चालीनं त्याला उत्तर दिलं. नाणेघाटात एखाद्या पावसाळी सकाळी उभं राहिलं की इथल्या कुठल्या तरी वाटेवर हे खरोखर घडलं असेल असं मनात आल्यावाचून राहत नाही.

पुढच्या कित्येक शतकांवरून झरझर पुढे जावं लागतं. तोंडी उत्तरांची नोंद ठेवायला कुणाला सवड होती? एकनाथांच्या गवळणी आणि भारुडं येतात तेव्हा ही माणसं पुन्हा दिसू लागतात. तिथं कृष्ण देव खरा, पण गवळणी त्याच्याशी गल्लीतल्या पोराशी भांडावं तशा भांडतात. रोजच्या बोलीत देवाला जाब विचारायची ही मुभा पुढे तमाशानं जशीच्या तशी उचलली.

उत्तर पेशवाईत तमाशाचे फड उभे राहिले. या भागाला जवळचं नाव अनंत फंदींचं. मूळ आडनाव घोलप, गाव संगमनेर, जन्म 1744, मृत्यू 1819. अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केली आणि फंदींनी तमाशा सोडून कीर्तनाची वाट धरली, अशी कथा परंपरेनं सांगितली जाते. त्या काळच्या लावणीत एक नायक सतत भेटतो: जरीची पगडी, अंगाला अत्तर, तोंडात विडा, घोड्यावरून चौकात आलेला छेलछबिला. घाट चढून आलेल्या गुरू कुर्त्याचा हा पणजोबा. पण त्याच कनातीत, त्याच ढोलकीच्या साथीला दुसरा एक जण उभा असतो. डोक्याला वाकडंतिकडं मुंडासं, अंगात दुसऱ्याच्या मापाचे कपडे, हातात वेडीवाकडी काठी. तो सोंगाड्या.

तमाशात आधी गण, मग गौळण, मग बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. ढोलकी, हलगी, तुणतुणं, झांज एवढ्यावर रात्र काढायची. यातली बतावणी हे सोंगाड्याचं खास रान. सरदार किंवा नाईक त्याला प्रश्न विचारतो, आणि हा प्रश्नाचा सरळ अर्थ सोडून दुसराच पकडतो. नाव विचारलं की गाव सांगतो, गाव विचारलं की सासऱ्याची तक्रार सांगतो, रागावलं की ते रागावणं कौतुक समजून पुढे सरकतो. लिहिलेलं काही नसतं. आज ज्या गावात फड उतरला आहे तिथल्या पाण्याची, रस्त्याची, सोसायटीच्या निवडणुकीची गोष्ट दुपारी चहाच्या टपरीवर ऐकायची आणि रात्री बतावणीत घालायची. त्यामुळे प्रत्येक गावाला वाटतं, ही बतावणी आपल्यासाठीच आहे. आणि ती तशी असतेही.

गौळणीतही उत्तरांचाच खेळ. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि पेंद्या अडवतात, दाण मागतात. पुढे उभी राहते ती मावशी, म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष, बहुधा फडातला सगळ्यांत मुरलेला नट. ती देवाच्या अवताराला दहा प्रश्न विचारते: दाण कुणाच्या हुकमानं, पावती कुठं आहे, तुझा बाप कोण? बाया हसतात, पुरुष हसतात. ही मावशी आणि पाणपोईवरची पोर एकाच घरच्या आहेत, मधली वंशावळ कुणी लिहिली नाही इतकंच.

इथं थांबून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण तिच्यावाचून या रुबाबाचा अर्थ लागत नाही. फडातली बहुतेक माणसं महार, मांग, कोल्हाटी समाजांतली. ज्या पाटलापुढे दिवसा मान वर करून बोलायची सोय नव्हती, त्याच पाटलाचं, सावकाराचं, राजाचं सोंग रात्री उभं राहायचं आणि सोंगाड्या त्याची फिरकी घ्यायचा. खरा पाटील पुढच्या रांगेत बसून हसायचा. त्या हसण्यात तो काहीतरी कबूल करत असावा, आणि ते कबूल करताना सगळं गाव साक्षीला असायचं. सकाळी सोंगाड्याची जागा पुन्हा गावकुसाबाहेर. म्हणून त्याच्या उत्तराला नुसती करमणूक म्हणणं मला पटत नाही. चूक झाली तर मार खाणारा माणूस चूक न करता बोलत होता. पाटलाला लागलं पाहिजे, पण हसूही आलं पाहिजे. हसू आलं नाही तर पुढची सुपारी गेली आणि अंगावर काठीही पडली. इतक्या अरुंद जागेत तोल सांभाळणारा माणूस कसल्याही कपड्यात देखणा दिसतो.

ही ताकद ओळखली ती सत्यशोधकांनी, आणि तीही मढपासून जवळच, ओतुरात. 1884 च्या सुमाराला ओतूरच्या शेतकऱ्यांनी भटजींना न बोलावता घरातली लग्नं लावली. गावच्या जोशांनी दक्षिणेच्या हक्कासाठी कोर्टात दावा लावला आणि त्या प्रकरणात स्वतः जोतीराव फुल्यांनी लक्ष घातलं. त्याच ओतूरचे भीमराव महामुनी यांचं नाव सत्यशोधकी जलशाच्या आरंभकर्त्यांत घेतलं जातं. जलशानं तमाशाचा सांगाडा तसाच ठेवला. गण राहिला, गौळण राहिली, पण कृष्णाच्या जागी सत्याजीराव आला आणि प्रश्न बदलले: लग्नाचे मंत्र कुणाला कळतात, मेल्यावर दिलेलं दान कुठं पोचतं, कर्जाचा कागद कुणी वाचून दाखवला? आतापर्यंत सोंगाड्या बगल देऊन उत्तर देत होता, आता तो प्रश्नच विचारू लागला. पुढे आंबेडकरी जलसे आले, 1944 नंतर अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक आलं. त्यांच्या वगांत गिरणी कामगार आणि काळाबाजारवाला समोरासमोर उभे राहिले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली तेव्हा त्याच खेळाला ‘लोकनाट्य’ म्हणून पुन्हा उभं करण्यात अण्णा भाऊंचा वाटा मोठा होता. हा टप्पा इतिहासाच्या पुस्तकांत नीट नोंदलेला आहे, म्हणून मी त्यात रेंगाळत नाही.

रेंगाळायचं ते नारायणगावात. जुन्नर तालुक्यातलं हे गाव द्राक्षं आणि टोमॅटोसाठी प्रसिद्ध झालं त्याच्या कितीतरी आधी भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांच्या फडासाठी प्रसिद्ध होतं. भाऊंची मुलगी विठाबाई. जन्म 1935, पंढरपूर, मृत्यू 2002. तिच्याबद्दलची एक हकिकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. नऊ महिने भरलेले असताना ती बोर्डावर नाचत होती. कळा सुरू झाल्या तशी कनातीमागे गेली, बाळंत झाली, दगडानं नाळ ठेचली आणि पुन्हा बोर्डावर आली. प्रेक्षकांना कळलं तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला सांगितला. ही हकिकत बहुधा कौतुकानं सांगितली जाते, आणि मला ती दरवेळी अस्वस्थ करते. बाळंतिणीला परत बोर्डावर उभं राहावंसं वाटलं यात तिची हिंमत आहे, आणि तिला तसं करावं लागलं यात आपलं सगळ्यांचं काहीतरी आहे. 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळालेल्या या बाईच्या अखेरच्या आजारात दवाखान्याचा खर्च देणग्यांतून भागवावा लागला. मान मिळाला, पैसा टिकला नाही. तमाशातल्या बहुतेक मोठ्या माणसांची हीच कहाणी आहे.

संगमनेरच्या कांताबाई सातारकर याच पिढीच्या. त्यांनी वगांत शिवाजी महाराजांसारख्या पुरुष भूमिका केल्या. एक तमासगीर बाई अंगरखा घालून, कमरेला तलवार लावून बोर्डावर चालत यायची आणि हजारो पुरुष शांत व्हायचे. त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर सोंगाड्या म्हणून गाजले. आईकडे राजाची चाल आणि मुलाकडे सोंगाड्याची, एकाच घरात! रुबाबाच्या दोन्ही परी एकाच पालात नांदताना दुसरीकडे कुठे पाहायला मिळाल्या असत्या?

आता सिनेमा. जत्रेत तमाशाच्या कनातीशेजारी तंबू टॉकीजही लागायची, आणि दोघांनी एकमेकांकडून भरपूर घेतलं. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ 1959 साली आला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये दोन वर्षांहून अधिक काळ चालला. सिनेमानं तमाशातली बाई उचलली, तिची लावणी उचलली. सोंगाड्या मात्र बराच काळ मागंच राहिला. त्याला पुढे आणलं ते लालबाग-नायगावच्या एका पोरानं. दादा कोंडके, जन्म 1932, मूळ घराणं भोरकडचं, गिरणी कामगारांच्या वस्तीत वाढलेले. बँडमध्ये वाजवलं, सेवादलाच्या कलापथकात कामं केली. वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ 1965 साली रंगभूमीवर आलं आणि त्यातल्या हवालदारानं मुंबई-पुणं वेडं केलं. संहिता सबनीसांची, पण दादा रोज त्यात त्या दिवसाची बातमी घालायचे. बतावणीचा कायदाच तो. आशा भोसल्यांनी खेळ पाहिला, भालजी पेंढारकरांना सांगितलं, आणि ‘तांबडी माती’तून दादा पडद्यावर आले.

मग 1971 चा ‘सोंगाड्या’. नाम्या नावाचा भोळा पोरगा, गुडघ्यापर्यंतची चड्डी, तिचा लोंबणारा नाडा, तोंडी सतत आई. त्या वेळी तरुण दिसण्याचं माप देव आनंद होता: कललेली मान, गळ्यात रुमाल, झपझप चाल. दादरच्या कोहिनूर थिएटरात ‘सोंगाड्या’ लागायचा होता, पण चालकांनी त्याऐवजी देव आनंदचाच हिंदी चित्रपट लावायचं ठरवलं. दादा बाळासाहेब ठाकऱ्यांकडे गेले, शिवसैनिक थिएटरसमोर उभे राहिले आणि ‘सोंगाड्या’ लागला. या घटनेकडे मराठी-हिंदीचा वाद म्हणून पाहतात ते बरोबरच आहे. मला त्यात छेलछबिला आणि सोंगाड्या यांची जुनी लढतही दिसते. कनातीत दोघं शेजारी उभे होते. थिएटरात पडदा एकच. आणि लोंबत्या नाड्यानं गळ्यातल्या रुमालाला मागं सारलं. त्यानंतर दादांचे लागोपाठ नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले, गिनीजच्या पुस्तकात नोंद झाली. माळशेज उतरून गिरणीत गेलेल्या माणसाला पडद्यावर पहिल्यांदा असा नायक दिसला की ज्याच्यासारखं दिसायला त्याला काही विकत घ्यावं लागत नव्हतं.

दादांच्या द्व्यर्थी बोलण्यावर पुष्कळ टीका झाली. माझं मत असं की ‘पांडू हवालदार’पर्यंत दुसरा अर्थ बहुधा वरच्या माणसाला लागायचा: हवालदाराला, सावकाराला, सभ्यपणाचा आव आणणाऱ्याला. सेन्सॉर ज्यावर बोट ठेवायचा त्याचा पहिला अर्थ निरागस असायचा आणि मग सेन्सॉरचंच मन उघडं पडायचं. नंतरच्या चित्रपटांत तो दुसरा अर्थ जास्त करून समोरच्या बाईला लागू लागला. तिथं सोंगाड्याचा तोल गेला. खालून वर मारलेल्या टोल्यात जी मजा होती ती बाजूच्या दुबळ्यावर मारताना उरली नाही.

निळू फुल्यांचं आणखी वेगळं. पुण्यातल्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा, सेवादलात वाढलेला हा नट ‘कथा अकलेच्या कांद्याची’सारख्या लोकनाट्यांतून पुढे आला, पाटलाला, पुढाऱ्याला प्रश्न विचारणारा. सिनेमानं त्याला पाटीलच करून टाकलं. आणि त्यांचा पाटील इतका खरा का वाटतो? ज्यानं वर्षानुवर्षं पाटलाला उत्तरं दिली त्याला पाटील आतून ठाऊक होता. वाड्याच्या ओसरीवरची ती बसण्याची ढब, तो घसा, ती तिरकी नजर, हे सगळं सोंगाड्यानं समोरून पाहून ठेवलेलं होतं.

पुढचा धागा संगीताचा, आणि तो पुन्हा इथंच येतो. महसूल खात्यात नोकरी करणाऱ्या गोगावल्यांची बदली होत राहायची, त्यामुळे त्यांच्या दोन मुलांचं बालपण राजगुरुनगर, जुन्नर, घोडेगाव, शिरूर अशा गावांत गेलं. ती मुलं म्हणजे अजय-अतुल. बेंजो, हलगी, ढोलकी, भजनी मंडळाचा पखवाज, जत्रेतला बँड, हे सगळं त्यांच्या कानांवर ज्या मातीत पडलं ती ही. 2010 च्या ‘नटरंग’मध्ये त्यांनी ढोलकीला पुन्हा मल्टिप्लेक्समध्ये बसवलं. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट आपल्या विषयाच्या अगदी मध्यावर येतो. पैलवान अंगाच्या गुणाला राजाची भूमिका करायची असते. फडाला मात्र नाच्या हवा असतो. तो छाती, मिशी, दंड सगळं उतरवतो आणि नाच्या होतो. गावानं पुरुषाचा मान म्हणून जे जे दिलं ते सोडून द्यायला जी हिंमत लागते, ती पैलवानकीच्या हिमतीपेक्षा मोठी असते, आणि गावाला ती कधीच कळत नाही.

नागराज मंजुळ्यांचा ‘फँड्री’ महाराष्ट्रात 2014 साली प्रदर्शित झाला. त्यातल्या जब्याला जीन्स पँट हवी आहे. जीन्स घातली की शालू आपल्याकडे बघेल असं त्याला वाटतं, त्यासाठी तो सायकलवर गारेगार विकतो. म्हणजे तो घाट चढून आलेल्या कापडाच्या मागं आहे. पण गाव त्याला छेलछबिला होऊ देत नाही. ज्या जत्रेत नाचायचं त्याच जत्रेत बाप त्याच्या डोक्यावर बत्ती देतो, दुसऱ्यांच्या नाचाला उजेड धरायला. त्याच्यापाशी बतावणीही नाही. कनात नाही, सरदार नाही, हसून कबूल करणारा पाटील नाही. नुसतं हसणारं गाव आहे. मग उरतो हातातला दगड. सोंगाड्याची जागा काढून घेतली की उत्तर कुठल्या रूपात येतं ते मंजुळ्यांनी दाखवलं. जब्याचं काम करणारा सोमनाथ अवघडे त्यांना हलगी वाजवताना सापडला होता, हे कळल्यावर तो दगड मला अजून जड वाटतो.

‘सैराट’ 2016 चा. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, आणि तिचं उत्तर कायम तयार असतं. त्या वर्षी जुन्नरपासून जतपर्यंत प्रत्येक शाळेत पोरी आर्चीसारख्या बोलू लागल्या. मला त्यांच्यात गौळणीतली मावशी दिसली आणि मनापासून आनंद झाला. तरी एक गोष्ट सुटू नये. आर्ची पाटलाची मुलगी आहे. तिचं उत्तर वरून खाली येतं, त्याच्यामागं वाडा आहे. हैदराबादच्या झोपडपट्टीत पोचल्यावर भाषा कळत नाही, वाडा मागं राहतो आणि तिची उत्तरं संपतात. तिथून पुढे ती जे काही शिकते, नळावर पाणी भरणं, कारखान्यात काम करणं, परक्या भाषेत हळूहळू दोन वाक्यं जुळवणं, तिथं मला खरी आर्ची सुरू होताना दिसते. या चित्रपटाच्या संगीतासाठी अजय-अतुलनी लॉस एंजेलिसमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा बसवला. घोडेगाव-जुन्नरच्या जत्रांतला ठेका हॉलिवूडच्या व्हायोलिनांबरोबर वाजला आणि पुढच्याच मोसमात तो परत जत्रेत आला, ट्रॅक्टरवर लावलेल्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून.

आणि बतावणी? नारायणगावात दरवर्षी गुढीपाडव्याच्या आधी फडांच्या राहुट्या पडतात. पुणे, नगर, नाशिक, ठाण्याकडच्या गावांचे पंच येतात, राहुटीत बसतात, चहा होतो, जत्रेच्या तारखा जुळवल्या जातात आणि सुपारी ठरते. कोट्यवधींची उलाढाल या राहुट्यांतून होते. पंच विचारतात ते असं: मुली किती, लाइट कसली, साउंड किती, नवी गाणी कोणती. सोंगाड्या कोण, हा प्रश्न पूर्वी पहिल्या दोनांत असायचा, आता तो यादीत फार खाली गेला. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले, रात्री दहानंतर भोंगा बंद. रात्रभर चालणारा वग आणि तासभर रंगणारी बतावणी त्या वेळेत मावत नाहीत. मग फडमालक काय करणार? गाणी ठेवतो, वग कापतो, बतावणी पाच मिनिटांवर आणतो. कोरोनाच्या दोन मोसमांत तर कनातीच उभ्या राहिल्या नाहीत. कर्ज काढून ट्रक घेतलेल्या फडांना त्यातून सावरायला फार जड गेलं. त्यांच्यावर दोष ठेवावा असं मला कधी वाटत नाही.

तरी जिथं वेळ मिळतो तिथं सोंगाड्या आजही उभा राहतो. ओतूरच्या बाजारातला कांद्याचा भाव, उसात शिरलेला बिबट्या, माणिकडोहच्या निवारा केंद्राकडे निघालेला पिंजरा, पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी कुणाच्या वाट्याला किती, लग्नाला मुलगी मिळत नाही म्हणून हिंडणारे शेतकरी नवरे, सरपंचाचा नवा फोन, या सगळ्यावर बोलायला त्याच्याइतका मोकळा माणूस गावात दुसरा नाही. पत्रकार जपून बोलतो, पुढारी मोजून बोलतो. सोंगाड्याला काठी टेकवून उभं राहायला जागा आणि तासभर वेळ लागतो.

मढ, पारगाव, करंजाळ्याकडचे पंच येत्या मोसमात नारायणगावला जातील तेव्हा त्यांनी राहुटीत बसल्यावर लाइट-साउंडच्या आधी सोंगाड्याचं नाव विचारावं, आणि सुपारीच्या कागदावर लिहून घ्यावं: खेळ संध्याकाळी सातला सुरू, बतावणी पाऊण तास, कापायची नाही.